विक्रीसाठी एक दाबा, दुरुस्तीसाठी दोन

लाखनीत महामार्गाला लागून आमचं पाण्याच्या मोटारींचं दुकान आहे. नव्या मोटारी, पाइप, स्टार्टर आणि बिघडलेल्या मोटारींची दुरुस्ती. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. निदान पाटीवर तसं लिहिलंय. खरं दुकान कोण चालवतं ते मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं, तेही मीच हौसेनं बसवून घेतलेल्या एका फोनच्या यंत्रणेमुळे.

दुकानात आम्ही तिघं. एक मी. दुसऱ्या ताई, काउंटरवर बसणाऱ्या, माझ्याहून थोड्या मोठ्या, सोळा वर्षांपासून आमच्याकडे. बिलं, माल आणि मुख्य म्हणजे फोन त्यांच्या ताब्यात. तिसरे दिघोरीचे मिस्त्रीकाका. ते लाखनीत बसत नाहीत, दिघोरीत घराच्या छपरीतच मोटारी उघडतात आणि जळालेल्यांची तांब्याची वाइंडिंग पुन्हा भरतात. वडिलांच्या वेळेपासूनचे असल्यामुळे ते मला अजून अरेतुरे करतात, आणि गिऱ्हाइकांसमोर जरा जास्तच करतात.

तेव्हा काउंटरवर तीन मोबाईल असायचे. एक वडिलांच्या काळचा नंबर, एक कंपन्यांसाठी घेतलेला, एक गिऱ्हाइकांकडून मोटारीचे फोटो मागवायला. उन्हाळी धानाच्या दिवसांत तिन्ही एकदम वाजायचे. ताई एक कानाला धरायच्या, दुसरा खांद्यात दाबायच्या आणि तिसऱ्याला "थांबा जी" म्हणून उपडा ठेवायच्या. मला त्या देखाव्याची लाज वाटायची. आपलं दुकान आहे की एसटीचं चौकशी केंद्र, असं मी घरी म्हणायचो. ताईंना या कामात मदत करावी, असं मात्र कधी सुचलं नाही.

एकदा मी नागपूरला विक्रेत्यांच्या बैठकीला गेलो होतो. तिथून एका मोठ्या कंपनीला फोन लावला, तर गोड आवाजात स्वागत झालं, मग हे दाबा, ते दाबा, मग सनई, मग पुन्हा स्वागत. मी कोणाशीही न बोलता चार मिनिटं त्या फोनवर होतो आणि फोन ठेवला तेव्हा मला त्या कंपनीबद्दल अपार आदर वाटत होता. माझं काम झालं नव्हतं, हे मला परतीच्या वाटेवर भंडारा ओलांडल्यावर लक्षात आलं.

पंधरा दिवसांत नागपूरचा एक विक्रेता माझ्यासमोर बसलेला होता. इंटरनेटवरून चालणारी फोनची व्यवस्था विकणारा. तो म्हणाला, "सर, तुमचे सगळे फोन, सगळी माणसं, सगळे निरोप एका छताखाली येतील सर. याला युनिफाइड कम्युनिकेशन म्हणतात, सर." एका दमात तीनदा सर. लाखनीत मला भाऊ म्हणतात, दिघोरीत बाबू म्हणतात, घरी काहीच म्हणत नाहीत. सौदा तिथेच झाला.

व्यवस्था अशी होती. दुकानाचा नंबर एकच राहणार. फोन आला की तो इंटरनेटवरून यंत्रणेत जाणार, ती माझ्या आवाजात स्वागत करणार आणि गिऱ्हाइकानं दाबलेल्या आकड्याप्रमाणे फोन पुढे देणार. विक्रीसाठी माझ्याकडे, दुरुस्तीसाठी ताईंकडे. ताईंना कानात घालायचा हेडसेट, मला आणि काकांना मोबाईलवर ॲप. काका दिघोरीत असले तरी एका बटणावर ताई त्यांना फोन देऊ शकणार, जणू ते शेजारच्या खोलीत बसलेत. सगळी बोलणी आपोआप रेकॉर्ड होणार आणि संध्याकाळी मला रंगीत आलेख मिळणार.

आणि शेवटी त्यानं खिशातून हुकमाचं पान काढलं. "सर, पलीकडे कितीही गोंगाट असू द्या, तुम्हाला फक्त माणूस ऐकू येणार."

त्यानं मला रस्त्यावर पाठवलं. मी ट्रकांच्या रांगेला चिकटून उभा राहून दुकानात फोन लावला. ताईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. मग मी आत आलो आणि तो बाहेर गेला. खरंच, हॉर्न नाही, इंजिन नाही, नुसता त्याचा आवाज, देवळाच्या गाभाऱ्यातून यावा तसा.

तो परत आल्यावर ताईंनी विचारलं, "म्हनजे बाकीचे आवाज कुठी जातात जी?"

"फिल्टर होतात, मॅडम," असं म्हणून तो हसला. हसायला मी त्याच्या आधी सुरुवात केली होती.

स्वागताचा मजकूर मी दोन दिवस लिहिला. मग झोपायच्या खोलीचं दार लावून रेकॉर्ड केला. "नमस्कार. आपला दूरध्वनी आमच्यासाठी अमूल्य आहे. विक्रीसाठी कृपया एक दाबा. दुरुस्तीसाठी कृपया दोन दाबा." दूरध्वनी हा शब्द मी जन्मात कधी तोंडानं उच्चारला नव्हता. तेराव्या वेळी बायकोनं दार वाजवून विचारलं, "एकटेच कोनाशी भांडून राहिले?"

ताईंनी ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि विचारलं, "भाऊ, हे तुमीच का? मले वाटलं, कोनी साहेब आनला बोलाले."

मी ती स्तुती समजलो.

यंत्रणा सुरू झाली तेव्हा उन्हाळी धानाला पाणी द्यायचे दिवस होते. शेतात वीज काही तासच येते, तेवढ्यात मोटार चालली नाही तर माणूस कासावीस होतो आणि आम्हाला फोन करतो. त्याचे हात चिखलात, डोळा विजेच्या तारेवर, आणि इकडे मी त्याला सांगतोय की त्याचा दूरध्वनी अमूल्य आहे. बरेच जण माझ्या आवाजाशीच बोलायला लागायचे. स्वागत सुरू असताना पलीकडचं बोलणंही यंत्रणा जपून ठेवत होती, म्हणून ते मला नंतर ऐकायला मिळालं. एक म्हातारेबुवा तर माझ्याशी दीड मिनिट भांडले. "अरे, तू दाब ना बाबा! माही मोटार बंद आहे, मी कायले दाबू? ... पुन्हा तेच म्हनते. ... आयकून तं घे!" दुसऱ्या एकाला प्रतीक्षेतली सनई लागली, तर त्यानं चौकशी केली, "दुकानात लगीन आहे का जी कोनाचं?" आणि मग संकोचून फोन ठेवून दिला.

हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फक्त आलेख बघत होतो. पहिल्या आठवड्यात बोलण्याच्या वेळेची निळी रेघ वर होती, दुसऱ्यात खाली आली, तिसऱ्यात जमिनीला टेकली. दुरुस्तीचे फोन अर्ध्या-एक मिनिटात संपत होते. पूर्वी ताई एकेका गिऱ्हाइकाशी दहा-दहा मिनिटं बोलायच्या. मला आधी आनंद झाला. म्हटलं, काम किती झटपट होतंय! पण दुकानात नवी मोटार बघायला येणारेही कमी झाले, तेव्हा मला शंका आली आणि एका दुपारी, ताई जेवायला बसल्या असताना, मी कोपऱ्यात जाऊन त्यांची रेकॉर्डिंगं ऐकायला सुरुवात केली.

पहिलंच असं होतं. गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, आयका." मग बराच वेळ शांतता. मग ताई, "काहीच येऊन नाई राहिलं. तुमी असं करा, माह्या मोबाईलवर लावा. घ्या लिहून." आणि त्यांनी आपला खासगी नंबर दिला. दुसरं तसंच. तिसरं तसंच. बावीस रेकॉर्डिंगं ऐकली, त्यातल्या एकोणीस वेळा ताईंनी दुकानाचा फोन ठेवून गिऱ्हाइकाला स्वतःच्या फोनवर बोलावलेलं. त्यातल्या काहींना, "नाई तं सिधा काकाले लावा," असंही सांगितलेलं.

माझं डोकं फिरलं. "आयका" म्हटल्यावर एवढी शांतता कसली, हा प्रश्न कोणत्याही शहाण्या माणसाला पडला असता. मला पडला नाही. मला एकच दिसलं, की ताई आणि काका मिळून माझी गिऱ्हाइकं फोडताहेत आणि उद्या समोरच दुकान थाटणार आहेत. मी मनातल्या मनात त्यांच्या दुकानाची पाटीसुद्धा रंगवून टाकली.

जेवण आटोपून ताई आल्या तसा मी मोबाईल काउंटरवर ठेवला आणि त्यांचंच बोलणं त्यांना मोठ्यानं ऐकवलं.

"दुकानाचा फोन ठेवून आपला नंबर देता तुम्ही?"

"हाव, देतो."

"का?"

"त्या फोनवर काम होत नाई म्हनून."

"काम होत नाही, की वेगळं काम सुरू करायचंय?" आता माझी साहेबी भाषा गळून पडायला लागली होती. "तुमी आन काका मिळून दुकान टाकून राहिले का? सरळ सांगा ना!"

ताईंनी विचारलं, "भाऊ, तुमी माहं बोलनं चोरून आयकलं?"

"चोरून नाही. सिस्टिममध्ये असतं ते."

त्यांनी हेडसेट काढला. त्याची वायर नीट गुंडाळली, काउंटरवर ठेवली, डबा पिशवीत घातला आणि चपला घालून निघून गेल्या. सोळा वर्षांत त्या कधी दुपारी घरी गेल्या नव्हत्या. मी त्यांच्या पाठीकडे बघून स्वतःला सांगितलं, खरं बाहेर आलं की माणूस असाच जातो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. हेडसेट मी घातला. तो घालून मी आरशात एकदा बघितलंही. पहिल्या चार गिऱ्हाइकांनी "बाई नाई का?" असं विचारून फोन ठेवला. पाचवा दिघोरीजवळचा एक शेतकरी होता. त्याला दुसरा इलाज नसावा, कारण तो थांबला.

"मोटार उचलून नाई राहिली जी. गुनगुन करते नुसती. आयका."

मी कान दिला. काही नाही. एखाद्या विहिरीत डोकं घालावं तशी शांतता.

"काही ऐकू येत नाहीये. बंदच आहे ना ती?"

"बंद? कान फाटून राहिले माहे! जवळ नेतो, थांबा."

तरीही काही नाही. आता मालक म्हणून काहीतरी सांगायला हवं होतं. घरी टीव्ही बिघडला की मी जे करतो तेच मी त्याला सांगितलं. "दोन-तीनदा बंद-चालू करून पहा."

तो भला माणूस. त्यानं केलं. थोड्या वेळानं त्याचा पुन्हा फोन आला आणि तो अगदी शांतपणे म्हणाला, "धूर निघाला जी."

त्यानंतर मिस्त्रीकाकांचा फोन आला. तो माझ्या मोबाईलवर थेट आला, स्वागताच्या वाटेनं नाही. "बाबू, दुकान बंद कर अन् त्याच्या विहिरीवर ये," एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

मी पोचलो तेव्हा काका त्या शेतकऱ्याच्या विहिरीच्या काठावर मोटार उघडून बसले होते. शेतकरी बाजूला उभा होता. रागवायचं सोडून त्यानं मला पाणी प्यायला दिलं, आणि ते पिणं मला फार कठीण गेलं. काकांनी काळे पडलेले तांब्याचे वेढे माझ्यापुढे धरले. जळक्या वार्निशाचा वास येत होता.

"तीनातली एक फेज नोहती आली. दोन फेजवर मोटार फिरत नाई, नुसती गुनगुनते. तशीच चालू-बंद केली का जळते. गुनगुन आयकू नाई आली तुले?"

"नाही आली, काका. खरंच काही आलं नाही."

"येईल कशी?" काका उठले. पलीकडच्या धानाच्या बांधीत शेजाऱ्याची मोटार धडधडत होती. त्यांनी मला लांब मोहाच्या झाडाखाली उभं केलं आणि आपण मोटारीजवळ जाऊन दुकानाच्या नंबरवर फोन लावून एक दाबलं. माझ्या खिशातलं ॲप वाजलं. काका म्हणाले, "मी मोटारीला टेकून उभा आहो. माहा आवाज येते का?" स्वच्छ येत होता. "आन मोटारचा?" मोटार उघड्या कानाला शेतावरून ऐकू येत होती. फोनमध्ये नव्हती. फोनमध्ये काका एखाद्या रिकाम्या खोलीत बसून बोलताहेत असं वाटत होतं. मग त्यांनी तो फोन ठेवून माझ्या मोबाईलवर साधा फोन लावला, आणि मोटार माझ्या कानात शिरली.

मी तिथेच बांधीच्या कडेला, धुऱ्यावर बसलो.

काका आले आणि माझ्याशेजारी बसले. रागवायचं त्यांनी बहुतेक वाटेतच उरकलं होतं. एखाद्या लहान मुलाला सांगावं तसं ते सांगू लागले. "बाई मोटार कानानं पाहते, बाबू. किर्र वाजली तं बेअरिंग. गुनगुनली तं फेज. स्टार्टर खडखडते तं व्होल्टेज कमी. अर्ध्या लोकाले तं ती फोनवरच सांगते, बटन बंद कर, एवढं कर, मंग चालू कर. जे तिले नाई समजत, ते माह्याकडं येते. म्या शिकवलं तिले. मंग तीच माह्यापेक्षा हुशार झाली. आन तू आवाजच काढून टाकला."

"मला सांगायचं ना, काका."

"सांगतलं तं. तिनं सांगतलं, म्या सांगतलं. तू म्हनला, सवय होईल."

मला हे मुळीच आठवत नव्हतं. पण आता आठवायची गरज नव्हती, सगळं साठवलेलं होतं. लाखनीला परत येऊन मी शटर अर्धं ओढलं आणि रेकॉर्डिंगं पुन्हा ऐकायला बसलो, या वेळी पहिल्या दिवसापासून आणि ताईंची नाही, माझी.

सांगायला लाज वाटते. मला वाटायचं, मी सगळ्यांशी सारखाच बोलतो. रेकॉर्डिंगमध्ये माझे दोन आवाज निघाले. कंपनीच्या साहेबांशी बोलणारा एक, मधात घोळलेला, दर वाक्यात "निश्चित, निश्चित" म्हणणारा. आणि शेतकऱ्याचं वाक्य अर्ध्यात तोडून "बरं, बरं, पाठवतो" म्हणणारा दुसरा. त्या शेतकऱ्यांपैकी एकालाही मी काही पाठवलेलं नव्हतं. मग तिसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग आलं. ताईंनी दुकानातून मला फोन केला होता. "भाऊ, याच्यात मोटारचा आवाजच येत नाई. लोकायले काय सांगावं?" आणि मी, "ताई, नव्या गोष्टीची सवय व्हायला वेळ लागतो. आणि मी आता जरा मीटिंगमध्ये आहे." मी मीटिंगमध्ये नव्हतो. मी चौकातल्या टपरीवर आलूपोंगा खात होतो. टपरीवरचा गलका यंत्रणेनं गाळून टाकला होता. माझं खोटं तेवढं लख्ख ऐकू येत होतं.

त्यानंतर ताई आणि काकांचं आपसातलं बोलणं लागलं. ते ऐकायला नको होतं, पण मी ऐकलं.

काका म्हणत होते, "सांगून टाक ना त्याले, काढून फेक म्हनाव हे लफडं."

"नको, काका. लय हौसेनं आनलं भाऊनं. साऱ्या बाजारात सांगून बसले. आता लगेच काढलं तं लोकं हासतील त्यायले. उन्हाळी धान निघेपर्यंत मी माह्या फोनवर भागवतो. मंग हळूच काढू."

काका म्हणाले, "ठीक आहे. खेळू दे मंग त्याले थोडे दिवस."

मी ते तीनदा ऐकलं. रागवावंसं वाटत होतं, पण सगळं दुकान धुंडाळूनही रागवण्यासारखा माणूस एकच सापडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या घरी गेलो. त्या अंगणात सुपात लाखोळीची डाळ निवडत होत्या. त्यांच्या यजमानांनी मला खुर्ची दिली आणि ते आत निघून गेले, ते काही बाहेर आले नाहीत. मी वाटेत जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. "ताई, झाल्या प्रकाराबद्दल मी मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. आपलं योगदान दुकानासाठी..."

"भाऊ," ताई सुपातून डोळे न काढता म्हणाल्या, "ते एक दाबा, दोन दाबासारखं नका बोलू."

मग जे तोंडात आलं ते बोललो. "माहं चुकलं, ताई. तुमी सांगतलं होतं, म्या आयकलं नाई. आन वरून चोर समजलो."

"आवाजाचं जाऊ द्या," त्या म्हणाल्या. "यंत्र आहे, कोनाले समजते पहिल्या दिवशी? पन सोळा वर्षं झाले, भाऊ. गिऱ्हाईक फोडाचे असते तं कधीच फोडले असते. मले पाटी लावाची गरजच नाई. लोकं माहा आवाज ओळखतात."

त्या खडे वेचत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "काका म्हने, मोटार जळली एकाची."

"हो. काका भरून देताहेत, आपल्याकडून. तोवर मी दुकानातली एक पाठवली लावून."

"कोनती?"

"तीन हॉर्सपॉवरची होती पडलेली."

ताईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. "त्याची विहीर केवढी खोल आहे! त्याले पाचची लागते. तीनची पानी कुठून उचलन?" त्यांनी सूप खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि मोबाईल उचलून काकांना फोन लावला. बोलणं संपेपर्यंत माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. मग म्हणाल्या, "मी येतो उद्या. आज येत नाई." आणि आत जाऊन मला चहा आणून दिला.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी नागपूरच्या विक्रेत्याला फोन लावायला सांगितला आणि स्वतः बोलल्या. आवाज गाळणारी सोय बंद करा. तो म्हणाला, "मॅडम, बाकी सगळे ती चालू करून मागतात." ताई म्हणाल्या, "बाकी सगळे मोटारी नाई दुरुस्त करत, भाऊ." मग एक दाबा, दोन दाबा काढायला लावलं, फोन सरळ आपल्याकडे वाजायला लावला. रेकॉर्डिंग राहू दिलं, पण फोन उचलला की त्या स्वतः सांगतात, "बोलनं साठवून राहते बरं, चालन ना?" आजपर्यंत कोणी नको म्हटलेलं नाही. आणि एकमेकांचं साठवलेलं ऐकायचं तर विचारून ऐकायचं, असं त्यांनी मला माझ्याच दुकानात बजावलं. माझं स्वागत पुसताना मी फक्त एवढं विचारलं की एक प्रत माझ्याजवळ ठेवू का. ठेवली नाही.

सगळी यंत्रणाच त्या काढून टाकतील असं मला वाटलं होतं. पण एका बटणावर काकांना फोन देता येतो, ही गोष्ट ताईंना पहिल्या दिवसापासून आवडली होती. मोटारीचा आवाज यायला लागल्यावर तर गिऱ्हाईक, ताई आणि काका, तिघांना एकाच फोनवर घेऊन त्या एकत्र ऐकायला लागल्या. तुमसरच्या पलीकडे आंबागडला आमची काही गिऱ्हाइकं आहेत. तिथे नुसतं बघायला जायचं म्हटलं तरी काकांचा दिवस जायचा. आता तिथला माणूस मोटारीजवळ फोन धरतो, इकडे लाखनीत ताई डोळे मिटून ऐकतात, तिकडे दिघोरीत काका. मग आधी ताई बोलतात आणि काका बहुतेक वेळा म्हणतात, "बराबर आहे."

माझंही शिक्षण सुरू झालं. साठवलेल्या बोलण्यांतून ताईंनी मोटारींचे आवाज वेगळे काढून ठेवलेत. काम नसलं की त्या मला एखादा ऐकवतात आणि विचारतात, "काय गेलं?" बेअरिंग मला आता येतं. फेज आणि कमी व्होल्टेज यांत मी अजून गडबडतो.

गेल्या महिन्यात आंबागडहून फोन आला. त्या दिवशी मला जरा आत्मविश्वास होता, म्हणून मी ताईंना खूण केली, मी सांगतो. काका फोनवर होतेच. मी डोळे मिटून ऐकलं. चांगला घरघराट होता, मध्येच ठक्क असा ठोका पडायचा. मी गंभीरपणे निदान केलं, "बेअरिंग पुरतं गेलंय. आतला शाफ्टही वाकलाय असं वाटतं. मोटार लगेच बंद करा."

पलीकडचा माणूस म्हणाला, "मोटार अजून चालू नाई केली जी. हे शेजाऱ्याची आटाचक्की आहे."

ताईंनी हेडसेट काढून माझ्या हातून फोन घेतला, बटण दाबून आपल्या बाजूचा आवाज बंद केला आणि टेबलावर डोकं टेकवून हसू लागल्या. काकांना ते बटण कुठे आहे ते अजून माहीत नाही, त्यामुळे दिघोरीतलं हसू आंबागडपर्यंत पुरतं ऐकू गेलं.